एकही दार सोडायचं नाही

रुपीकाकी विधवा. दिवाळीत तिला कुणाच्या दारात पाऊल टाकायची सोय नव्हती, तरी आमच्या तांड्याची दिवाळी तिच्यावाचून हलत नसे. फुलसावंगीहून दोन कोसांवर, नाल्याच्या काठाला, खेमसिंग नायकाचा तांडा. आम्ही बंजारे. आमच्या पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, आमच्या वाट्याला कापूस आणि तूर आली. घरात आम्ही गोरमाटी बोलतो, बाजारात वऱ्हाडी. इथे माणसांचं बोलणं मी वऱ्हाडीतच लिहिते, नाहीतर तुम्ही मध्येच पान मिटाल.

पोळ्याला बैल सजतात, दसऱ्याला सोनं लुटतात, पण आमचा खरा सण म्हणजे दिवाळीची अमावस्या. त्या दिवशी सांजावलं की तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरी हातात दिवे घेऊन निघतात. याला मेरा म्हणतात. पहिलं दार नायकाचं. तिथून घरं जशी उभी असतील तशी ओळीने. दारात थांबायचं, घरातल्या एकेकाचं नातं घेऊन, काका, दादा असं पुकारत, चालीवर त्याला मेरा म्हणायचा. मग घरधन्याने दिव्यात तेल घालायचं आणि पोरींना तोंडभर आशीर्वाद द्यायचा. सगळ्यांत पुढचा दिवा सगळ्यांत थोरल्या पोरीच्या हातात असतो. ती थांबली की बाकीच्या थांबतात, ती चालली की चालतात. आणि नियम एकच. एकही दार सोडायचं नाही. भांडण असो, सुतक असो, दिवा गेलाच पाहिजे. फक्त कुलूप लागलेलं घर राहून जातं, कारण मेरा म्हटल्यावर आतून उत्तर द्यायला माणूस लागतो.

हे सगळं पोरींच्या अंगी बाणवायचं काम काकीचं. भादवा सरला की रोज सांजेला तिच्या ओट्यावर आमची शाळा भरायची. तंबाखूने तिचा आवाज घोगरा झालेला, पण चाल चुकली की तो नाल्यापलीकडे ऐकू जायचा. "मेरा म्हनून राह्यली का ढोरं हाकलून राह्यली वं?" असं विचारायची. अमावस्येला मात्र ती रांगेच्या मागे, वाटेतच उभी राहायची. दिवा हातात घेता येत नाही, दारात जाता येत नाही, गाता येत नाही. ओढणीचा पदर तोंडात धरून ती आमची प्रत्येक चूक मोजायची आणि दुसऱ्या दिवशी चुकती करायची.

मी भुरी. माझे आईबाप पटकीच्या साथीत गेले तेव्हापासून काकीने मला वाढवलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. "देवानं मले पोर देलं नाई, तोंड देलं," म्हणायची, आणि ते तोंड दिवसभर वापरायची. एकसष्ट साली पुढचा दिवा माझ्या हातात येणार होता. तो माझा शेवटचा मेरा, कारण माझी सोयरीक ठरत आली होती.

त्या दसऱ्याला काकी मला मोटारीने दिग्रसला घेऊन गेली. सांगायचं कारण, फेटियाला, म्हणजे आमच्या घागऱ्याला, लावायच्या काचा आणि रंगीत दोरा आणायचा आहे. खरं कारण उत्तमसिंग. तो तिथल्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. त्या दिवशी जिनिंग बंद, यंत्रांना झेंडूच्या माळा, दारात आंब्याचं तोरण आणि गल्लीभर रावण बघायला निघालेली माणसं. उत्तमसिंग बाहेर आला, त्याने काकीच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, पाया पडला. मग माझ्या हातावर ठेवली, जमिनीकडे बघत. त्याच्या केसांत कापसाचा एक पुंजका अडकलेला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. मला तो आवडला. आडपडदा कशाला, फार आवडला. परतताना काकी मोटारीत म्हणाली, "केस इंचरत नाई वाटते," आणि मी खिडकीबाहेर बघत हसले.

ठरलं असं, की दिवाळी झाली की तिसऱ्या दिवशी उत्तमसिंगचा बाप लालसिंग माणसं घेऊन गूळ खायला येईल. आमच्यात गुळाची ढेप फोडून नायक पहिला खडा पाहुण्याच्या हातावर ठेवतो, तेव्हा सोयरीक पक्की होते. नायकाने हात लावला नाही तर गूळ म्हणजे नुसता गूळ. पण खेमसिंग नायक काकीचा चुलतदीर, म्हणजे माझा काकाच. तो गूळ फोडणार नाही असं आमच्या स्वप्नातही नव्हतं.

आम्ही दिग्रसहून आलो तर तांडा उकळत होता. पंचायतीच्या निवडणुकीचा निकाल लागला होता आणि नायकाचा मुलगा शंकरसिंग पडला होता. नायक म्हणेल तिकडे तांडा, अशी आजवरची रीत. आता पेटीत कागद टाकायचा आणि कुणी कुठे टाकला ते कळायचं नाही, हे नायकाला पटतच नव्हतं. सगळे गप्प बसले असते तर कुणाचंच नाव निघालं नसतं. पण आमच्या तांड्यातला हरिसिंग गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. लिंबाखाली सगळ्यांदेखत तो म्हणाला, "मत माह्यं होतं. मले गावचा मानूस बरा वाटला, म्या त्याले देलं."

बस, वड्याचं तेल वांग्यावर निघालं. शंकरसिंग एका मताने पडला असता तरी समजलं असतं. तो चांगल्या खोऱ्याभर मतांनी पडला होता. पण नायकाने हरिसिंगचं पाणी आणि विस्तव बंद केला. त्याची बायको रामीबाई विहिरीवरून रिकाम्या घागरीने परत गेली, मग नाल्यातल्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने पाणी भरू लागली. त्यांची दहा-अकरा वर्षांची लाली रोजच्यासारखी आमच्या ओट्यावर मेरा शिकायला आली. शंकरसिंगने तिला दंडाला धरून उठवलं. दुसऱ्या दिवसापासून ती कुंपणापलीकडे उभी राहायची आणि आम्ही गात असू तेव्हा नुसते ओठ हलवायची. काकी तिच्याकडे बघायची, पण बोलली नाही.

मग शंकरसिंगने येऊन निरोप दिला, की बापूने सांगितलं आहे, मेरा हरिसिंगच्या दारात थांबणार नाही.

त्याच दिवशी दुपारी हुस्नाबी आली. ती फुलसावंगीची बांगडीवाली, सणाच्या तोंडावर दिग्रसहून माल भरून तांडे फिरायची. बाजारची खबर टोपलीत सगळ्यांत वर. माझ्या हातात बांगडी चढवता चढवता ती काकीला म्हणाली, "बाई, लालसिंग भेटला होता. पुछत होता, नायक गूळ फोडनार ना? तांड्यात कुछ गडबड हाय असं त्यानं ऐकलं. तो बोलला, नायकाचा हात नसन तं आपुन कायले यावं."

"हुस्ना, तू बांगडी भर," काकी म्हणाली. बांगडी फुटली. हुस्नाबीने तिचे पैसे घेतले नाहीत, तेव्हाच मला भीती वाटली.

हुस्नाबी गेली तशी काकी उठली, मला सोबत घेतलं आणि थेट नायकाकडे निघाली. नायक लिंबाखाली बाजेवर बसून दोरी वळत होता. शंकरसिंग बाजूला कुऱ्हाडीला दांडा बसवत होता.

"बस भोजाई," नायक म्हणाला. मोठ्या भावाच्या बायकोला आम्ही भोजाई म्हणतो.

"बसाले नाई आली. अमावस्येले पोरीइले काय सांगू, थे इचाराले आली."

"सांगतलं ना शंकरनं. हरिसिंगचं दार सोडून द्या."

"देवर, तू त्याचं पानी बंद केलं, म्या बोलली नाई. इस्तू बंद केला, बोलली नाई. पन मेरा कोन्या नायकानं बंद केलता आजलोक? एक नाव सांग."

"कोन्या मानसानं नायकाच्या इरोधात मत देलतं आजलोक? थेबी एक नाव सांग."

हा माणूस असं काही म्हणेल हे काकीने धरलं नव्हतं. नायक रागाने बोलत नव्हता, हेच वाईट होतं. तो दुखावलेल्या माणसासारखा बोलत होता, आणि दुखावलेला माणूस रागावलेल्यापेक्षा हट्टी असतो.

"म्हातारी मेल्याचं दुःख नाई, काळ सोकावते," काकी म्हणाली. "आज एक दार सोडाची सवय लागली, का उद्या कोनतंबी सुटन. आन् पह्यलं माह्यं सुटन. ही पोरगी चालली सासरी. म्या मेली का त्या घरात कोन हाये? माह्या मांगं एक वर्ष तरी दारात दिवा यावा, एवढंच मांगते म्या. तेबी तूच रीत मोडून राह्यला तं मी कोनाले मांगू?"

नायकाच्या हातातली दोरी थांबली. मला वाटलं, झालं, जिंकली काकी. पण शंकरसिंग मान वर करून बापाकडे बघत होता, आणि पोराच्या नजरेपुढे बाप वाकत नाही.

"भोजाई, तिसऱ्या दिशी तुह्या घरी पावने येऊन राह्यले," नायक पुन्हा दोरी वळायला लागला. "गूळ मलेच फोडाचा हाये. एवढं ध्यानात ठेव."

येताना काकी भरभर चालत होती. विहिरीपाशी आली आणि म्हणाली, "दिवा तुह्या हातात हाये. मले त्या दारात जाता येत नाई, नाई तं म्याच गेली असती."

"म्हनजे म्या जाऊ?"

"म्या काई म्हंटलं का?"

"म्हनूनच राह्यली तू. त्याइच्या भांडनात माह्यं घर काहून मोडू म्या? मले नाई जमत."

"बरं," काकी म्हणाली.

त्या 'बरं'ने माझी झोप उडवली. तिने शिव्या घातल्या असत्या तर मी उलट बोलले असते, मन मोकळं झालं असतं. पण तिने मला भाकर वाढली, वरून तेल-चटणी घातली, सगळ्यांत मोठ्या काचा माझ्या ओढणीवर शिवून दिल्या. अमावस्येपर्यंत त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. मी मनाशी पक्कं केलं होतं. दार सोडायचं, मान खाली घालून पुढे जायचं, गूळ खायचा, दिग्रसला जायचं. पुढे तांड्याचं तांडा बघून घेईल.

अमावस्येला दिवेलागणीला आम्ही नायकाच्या दारात जमलो. पोरींनी घासून-पुसून आणलेले दिवे, नव्या ओढण्या, तेलाचा वास. नायकाने माझ्या दिव्यात तेल घातलं, डोक्यावर हात ठेवला. "शाहनी पोरगी हाये," म्हणाला. त्याचा हात जड लागला. आम्ही निघालो. घरामागून घर होत गेलं. माझा मेरा तोंडातून निघत होता आणि डोळे पुढच्या वळणावर होते. तिथे बाभळीखाली हरिसिंगचं घर. वळणावर शंकरसिंग हातात काठी घेऊन उभा. मागे वाटेत काकी, पदर तोंडात धरून.

हरिसिंगच्या घराचं दार सताड उघडं होतं. अंगण सारवलेलं. तो उंबऱ्यावर उकिडवा बसला होता आणि त्याच्या हातात तेलाची वाटी होती. मेरा येणार नाही हे पक्कं ठाऊक असून त्याने तेल काढून ठेवलं होतं. मागे रामीबाई. तिच्या कमरेला चिकटून लाली, हातात दिवा, वात कोरडी. मी एकदाच बघितलं आणि नजर वळवली. मला त्यांची दया आली हे खरं, पण मी चालत राहिले हेही खरं. दाराच्या सरळ रेषेपुढे माझं एक पाऊल पडलंसुद्धा.

तेवढ्यात शंकरसिंगने काठी जमिनीवर आपटली, तोंडाने बैलाला करतात तसा चुकचुक आवाज केला आणि म्हणाला, "हां, चाला, चाला पुढं."

आज लोक सांगतात, रुपीबाईने पोरीला काय शिकवण दिली होती, पोरीने घरावर निखारा ठेवला पण रीत सोडली नाही. सगळं खोटं. मी काहीही थोर विचार केला नाही. राग माझ्या नाकावर असतो, तेव्हाही होता. मी चालतच होते ना? मग हाकलायचं कशाला?

"म्या बैल हाये का?" मी म्हटलं, आणि वळले.

हरिसिंगच्या दारात उभी राहून मी मेरा म्हटला. माझा एकटीचा आवाज इतका बारीक निघाला की मलाच तो ओळखू आला नाही. मागून कुणी उचलला नाही. एकटीचा मेरा म्हणजे मेराच नव्हे. मी पुन्हा म्हटलं. पोरी शंकरसिंगकडे बघत होत्या आणि शंकरसिंग माझ्याकडे येत होता. तेव्हा रांगेच्या शेपटाकडून एक चिमणा आवाज आला, चाल चुकलेली, शब्द अर्धे. ती शंकरसिंगचीच धाकटी पोरगी होती. तिला निवडणूक ठाऊक नव्हती, वाळीत टाकणं ठाऊक नव्हतं. तिला काकीने एवढंच शिकवलं होतं, की दार आलं की म्हणायचं. ती म्हणत राहिली, तिच्यापाठोपाठ दुसरी, मग सगळ्याच. शंकरसिंग मध्येच उभा राहिला. स्वतःच्या पोरीवर काठी कशी उगारणार? त्याने काठी काखेत मारली आणि बापाच्या घराकडे चालता झाला.

हरिसिंग उठला. तेल घालताना निम्मं त्याने माझ्या मनगटावरून खाली सांडलं. आशीर्वाद रामीबाईने दिला. लालीने वाटीत उरलेल्या तेलात तिची वात भिजवली, माझ्या दिव्याला लावली आणि रांगेत शेवटी येऊन उभी राहिली.

आमचं घर तांड्यात सगळ्यांत शेवटी. तिथे काकी आमच्या आधी जाऊन उंबऱ्यावर बसली होती. स्वतःच्या दारात तिला कोण अडवणार? तिने माझ्या दिव्यात तेल घातलं, घालतच राहिली, वात बुडायची वेळ आली. तिने शाबासकी दिली नाही आणि मला ती नकोच होती. माझ्या डोक्यात आता फक्त तिसरा दिवस होता.

तिसऱ्या दिवशी लालसिंग माणसं घेऊन आला. ओट्यावर घोंगडं अंथरलं, पितळी परातीत गुळाची ढेप ठेवली, नायकाकडे बोलावणं गेलं. निरोप आला, नायक शेतात गेला आहे. पुन्हा माणूस पाठवला. निरोप आला, नायकाला बरं नाही. तिसऱ्यांदा काकी स्वतः गेली आणि त्याच्या बंद दारासमोरून परत आली. ऊन ओट्यावर चढलं, गूळ पाझरायला लागला, परातीला मुंग्या लागल्या. लालसिंग भला माणूस होता. तो वाट बघता बघता कापसाच्या भावावर बोलला, पावसावर बोलला, मग त्याचं बोलणं संपलं.

"बाई, रागावू नोका," तो उठत म्हणाला. "नायकाचा हात नाई त्या गुळावर म्या लेकाचं लगन कसं करू? उद्या भांडन-तंटा झाला तं कोनाच्या दारात जाऊ?"

काकीने त्याला वाटेपर्यंत पोचवलं. परत आली, मुसळ घेतलं आणि ढेप स्वतःच्या हाताने फोडली. "गुळाचा काय कसूर," म्हणाली. पहिला खडा कुंपणाशी उभ्या लालीच्या हातावर ठेवला, मग तांड्यातल्या सगळ्या पोरींना वाटला. माझ्यापुढे परात धरली तेव्हा मी ती हाताने उडवली. ती खाली बसून एकेक खडा वेचत राहिली. मी आत जाऊन उत्तमसिंगने दिलेली आपट्याची पानं चुलीत टाकली आणि पोटभर रडले. महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही. रागाचा धनी खरं तर नायक होता, पण नायकावर रागवायला त्याच्या घरी जावं लागलं असतं. काकी घरातच होती.

ज्या दारात दिवा गेला त्या दाराला पाणी नाही म्हणायला बायकांचं तोंड उरलं नाही. आधी एकीने रामीबाईची घागर भरू दिली, मग दुसरीने. नायकाने बंदी उठवली नाही, पण विचारलंही नाही. काकीशी मात्र तो बोलायचा थांबला, आणि काकी त्याच्याशी. लिंबाखालून जाताना ती ओढणी ओढून घ्यायची, जसा काही तिथे कुणी परका माणूस बसला आहे. पुढच्या वर्षी पुढचा दिवा पुन्हा माझ्याच हाती आला. चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत मी एवढी घोडी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर पांढरकवड्याकडच्या किसनसिंगशी माझं लग्न झालं. तो नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवायचा. गूळ त्यांच्या नायकाने येऊन फोडला, आमचा घरातच बसून राहिला. किसनसिंग चांगला निघाला. केसही विंचरायचा.

सदुसष्टच्या भादव्यात काकी गेली. ताप आला, दोन दिवस बडबडली, गेली. मी पोचले तेव्हा माती झाली होती. घराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोवली आणि सासरी परत आले. पण दसरा झाला तसं तिचं ते लिंबाखालचं बोलणं मला जेवू देईना. 'माह्या मांगं एक वर्ष तरी दारात दिवा यावा.' कुलुपाचं दार राहून जातं, नियमच आहे. आणि त्या दाराची किल्ली माझ्या कमरेला.

अमावस्येला पहाटेच मी पोराला कडेवर घेऊन निघाले. पांढरकवड्याहून यवतमाळ. तिथल्या स्टँडवर सणाची ही गर्दी, दोन मोटारी भरून डोळ्यांसमोरून गेल्या, तिसरीत कसंबसं उभं राहायला मिळालं. दिग्रसच्या अलीकडे ती मोटार बंद पडली. ड्रायव्हर झाकण उघडून बघतो आहे, कंडक्टर बिडी ओढतो आहे आणि सूर्य मुकाट्याने खाली चालला आहे. मी कंडक्टरला इतकं बोलले की त्याने बिडी टाकून दिली, पण मोटार त्याने थोडीच सुरू होणार. पुसदला पोचले तेव्हा फुलसावंगीची शेवटची गाडी सुटत होती. मी तिच्यापुढे जाऊन उभीच राहिले.

फुलसावंगीहून दोन कोस मी पळाले म्हटलं तरी चालेल. पोरगं खांद्यावर रडून झोपलं. नाला ओलांडून चढावर आले आणि बघते तर काय. दिव्यांची रांग नायकाचं घर सोडून कधीच निघाली होती. बाभळीचं वळणही मागे पडलं होतं. चार-पाच घरं उरली होती, मग आमचं. मी कुंपणं तुडवत, शेणखताच्या उकिरड्यावरून, मागच्या बाजूने धावले. किल्ली हातात होती.

दार उघडं होतं. कुलूप जसंच्या तसं लावलेलं, पण कोयंड्यासकट उपटून ओट्यावर ठेवलं होतं. अंगण सारवलेलं. उंबऱ्यावर खेमसिंग नायक उकिडवा बसला होता, तेलाची वाटी हातात धरून. पार थकला होता. दिवाळीची अमावस्या, मेऱ्याचं पहिलं दार नायकाचं, आणि नायक तांड्यातल्या शेवटच्या दारात.

सहा वर्षं साठवलेलं त्याला बोलायचं मी मोटारीत घोकत आले होते. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"देर केली वं पोरी," तो म्हणाला.

"मोटार बिघडली." मी दम खात विचारलं, "बापू, तुमच्या दारात कोन हाये?"

"शंकर हाये. माह्यं दार काई सुटत नाई." त्याने कोयंड्याकडे बोट केलं. "तोडला म्या. उद्या बसवून देतो."

मी उंबऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. रांग आली. पुढचा दिवा लालीच्या हातात होता, हरिसिंगच्या लालीच्या. उंच झाली होती, डोक्यावरच्या ओढणीला मोठ्या मोठ्या काचा. तिने नायकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग घरातल्या अंधाराकडे बघून काकीचं नातं घेतलं आणि मेरा म्हटला. मागच्या पोरींनी उचलला. एकीचीही चाल चुकली नाही.

मग सगळ्या थांबल्या. उत्तर द्यायचं घरधन्याचं. नायक वाटीतल्या तेलाकडे बघत बसला होता.

"बोला बापू," मी म्हटलं. "पोरी उभ्या हायेत."

"आला वं, भोजाई," नायक म्हणाला. "दिवा आला तुह्या दारात."

त्याने वाटी कलती केली. निम्मं तेल दिव्यात पडलं आणि निम्मं लालीच्या मनगटावरून उंबऱ्यावर सांडलं.